रात्रपाळीचा पडदा

चंद्रपुरात एप्रिल लागला की सकाळ फार थोडी उरते. सहाला लख्ख फटफटलेलं असतं, सातला ऊन अंगणात उतरतं, आणि आठच्या पुढे पूर्वेच्या भिंतीला आतून हात लावला तरी ती कोमट लागते. नऊनंतर घराबाहेर पडणारा माणूस डोकं, कान, नाक दुपट्ट्यात गुंडाळूनच निघतो. मे संपता संपता नवतपा येतो, सूर्य रोहिणीत शिरल्यानंतरचे नऊ दिवस, आणि मग दुपारी गोल बाजारातसुद्धा शुकशुकाट असतो. २०१९च्या मे अखेरीस आमच्या शहराचा पारा ४८ अंशांच्या घरात गेला होता. पुण्या-मुंबईचे नातेवाईक तेव्हा काळजीने फोन करून विचारत, तुम्ही तिथे राहता तरी कसे.

हे ऊन चढू लागतं त्याच वेळी इथली कितीतरी माणसं झोपायला घरी येत असतात. दुर्गापूर-पद्मापूरच्या खुल्या खाणींतून येतात, लालपेठच्या कोळशातून येतात, बल्लारपूरच्या कागद कारखान्यातून, घुग्घुस आणि गडचांदूरकडच्या सिमेंट कारखान्यांतून, ऊर्जानगरच्या वीज केंद्रातून येतात. डोळे लाल, कॉलरच्या घडीत काळी रेघ, पिशवीत रिकामा डबा. शाळेत निघालेली पोरं आणि ही माणसं एकमेकांना ओलांडून जातात. एकाचा दिवस सुरू होत असतो, दुसऱ्याची रात्र आता कुठे सुरू व्हायची असते, आणि त्या रात्रीच्या डोक्यावर सूर्य तळपत असतो.

चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्राची क्षमता २९२० मेगावॅट आहे. १९९९पासून इथली वीज सुमारे साडेसातशे किलोमीटर लांबीच्या उच्चदाब वाहिनीवरून अख्खा महाराष्ट्र ओलांडून पडघ्याला, म्हणजे मुंबईच्या दारात, जाऊन पोचते. दादरच्या एखाद्या घरात रात्री दोन वाजता रडणाऱ्या बाळासाठी दिवा लागतो, तेव्हा तो लागावा म्हणून ऊर्जानगरात कुणीतरी काट्यांवर आणि पडद्यांवरच्या आकड्यांवर नजर ठेवून जागं बसलेलं असतं. सकाळी त्या माणसाला अंधार हवा असतो. घट्ट, सलग, सहा-सात तासांचा अंधार. ज्याच्या जागण्यावर दुसऱ्यांचा उजेड चालतो त्याचा अंधारावर हक्क आहे असं मी मानते, आणि तो त्याला मिळवून देणं हे घराचं काम आहे. खिडकीला लावायच्या एका तयार पडद्याबद्दल मी इतक्या आस्थेने लिहिते आहे ती त्यासाठी.

माझं बालपण लालपेठच्या खाण-कॉलनीत गेलं. बाबा कोळशात होते आणि त्यांची पाळी दर आठवड्याला फिरायची. ‘थर्ड शिफ्ट’ हा शब्द आम्ही मुळाक्षरांच्या आधी शिकलो असू. त्या आठवड्यात आई सकाळीच मागच्या खोलीच्या खिडकीवर जाड सतरंजी टाकायची. वरच्या दोन खिळ्यांना तिने त्यासाठी कापडी बंद शिवले होते. सतरंजीच्या कडेने ऊन यायचंच, मग तिथे गोधडीची घडी खोचायची. झरोक्याच्या काचेला जुनं वर्तमानपत्र खळीने चिकटवलेलं असे. ऊन खाऊन ते पिवळं, मग तपकिरी होई, आणि दिवाळीत आई नवं लावी. आम्हा भावंडांना ओसरीत दटावणी असे, “हळू बोला, बाबा झोपून रायले.” बादली दाणकन ठेवायची नाही. भांडी दुपारनंतर घासायची. शेजारच्या घरी लग्न असलं की तिथले लोक स्वतः येऊन विचारत, कोणती पाळी आहे, आणि बँडवाल्यांना मागच्या गल्लीने नेत. खाणीच्या वस्तीत ही रीत कुणी कुणाला शिकवावी लागत नसे, कारण प्रत्येक घरात कधी ना कधी दिवसा कुणीतरी निजलेलं असे.

दुपारी तीनच्या पुढे बाबा उठत. ज्या दिवशी चेहरा सैलावलेला असे त्या दिवशी मी विचारी, झोप झाली का, आणि ते म्हणत, “झाली ना. मस्त अंधार होता वं.” ज्या दिवशी सतरंजी घसरलेली असे त्या दिवशी ते काहीच बोलत नसत, चहा घेत आणि भिंतीला टेकून बसून राहत. खाणीत झोप अपुरी घेऊन उतरणं म्हणजे काय, ते आईला माहीत होतं. तिच्या दृष्टीने ती सतरंजी घरातल्या मीठ-मिरचीइतकीच लागणारी वस्तू होती.

पुढे माझं लग्न झालं ते वीज केंद्रात ऑपरेशनला असलेल्या माणसाशी. म्हणजे पुन्हा फिरती पाळी आणि पुन्हा पूर्वेची खिडकी. तोवर बाजारात तयार पडदे आले होते, आणि आईने खिळ्यांवर, बंदांवर, गोधडीच्या घडीवर निभावलेलं काम आता दुकानात घडी घालून, प्लास्टिकच्या पिशवीत मिळू लागलं होतं.

डोळ्यांवर पडणारा उजेड मेंदूला दिवस झाल्याचं सांगतो, आणि झोप आणणारं मेलाटोनिन मेंदू हात आखडून देऊ लागतो. मिटलेल्या पापणीतूनसुद्धा थोडा उजेड आत जातो. शरीरातलं हे घड्याळ पेशींच्या आत कसं चालतं ते शोधणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग या तीन अमेरिकन शास्त्रज्ञांना २०१७ सालचं वैद्यकाचं नोबेल मिळालं. त्याआधी दहा वर्षं, २००७मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने शरीराचं घड्याळ विस्कटणाऱ्या पाळीच्या कामाला कर्करोगाच्या संभाव्य कारणांत धरलं. पडद्याने हे सगळं टळतं असं मी म्हणणार नाही. रात्रपाळी ती रात्रपाळीच. पण जी झोप मिळायची आहे ती तुकड्यांत न मिळता सलग मिळावी एवढं एका खिडकीला नक्की करता येतं.

दुकानात पडद्यांच्या गठ्ठ्यासमोर उभं राहिलं की सगळेच ‘ब्लॅकआउट’ म्हणवतात. दुकानदारही तोच शब्द वापरतो, पिशवीवरही तोच छापलेला असतो. खरं तर त्यांत तीन तऱ्हा असतात. एका तऱ्हेत साधंच कापड जाड आणि गडद असतं. ते उजेड मंद करतं, अडवत नाही. दुसरी तऱ्हा विणीची. पॉलिएस्टरच्या दोन थरांच्या मधे काळा धागा घट्ट विणलेला असतो, त्यामुळे दोन्ही बाजूंनी पडदा कापडाचाच दिसतो आणि हाताला मऊ लागतो. तिसऱ्या तऱ्हेत कापडाच्या पाठीला लेप असतो, बहुधा पांढरा-काळा-पांढरा असा तीन हातांचा, आणि बोटांना तो रबरासारखा लागतो. पूर्ण काळोख देणारी तऱ्हा ती तिसरी. पारख करायला मोबाइलचा टॉर्च पुरतो. कापडाच्या मागे तो टेकवून धरायचा आणि समोरून बघायचं. विणीच्या कापडात अंधुक ठिपका दिसतो, चांगल्या लेपाच्या कापडात काही दिसत नाही. मात्र शिलाईच्या रेघेवर टॉर्च फिरवून बघायला विसरू नये. सुई लेपाला भोक पाडून जाते, आणि सकाळी ऊन समोर आलं की त्या भोकांची ओळ अंधाऱ्या खोलीत चमकत राहते. याच कारणाने लेपाचा पडदा घरी उसवून आखूड करू नये; जुनी शिलाई निघते, भोकं राहतात.

आमच्या हवेत मी विणीच्या पडद्याच्या बाजूने आहे. दिवसभर तापणाऱ्या काचेला लागून लेपाचं कापड लटकलं की काही उन्हाळ्यांत लेप चिकट होतो, घडीवर तडकतो, आणि मग खिडकीखाली पांढरी भुकटी सांडू लागते. पुण्यासारख्या मवाळ उन्हात तो जास्त टिकत असेल. ज्यांची झोप फारच हलकी आहे त्यांनी लेपाचा घ्यावा, पण तो जपून वापरायची तयारी ठेवावी. विणीचा घेताना रंग गडद निवडावा, निळा, तपकिरी, गर्द हिरवा, आणि खिडकीच्या बाजूला पांढऱ्या सुती कापडाचं अस्तर शिवून घ्यावं. पांढरा रंग ऊन परतवतो आणि गडद पडद्याचं विटणं लांबतं. शिंप्याला हे काम अवघड नाही, लागणारं कापडही महाग नसतं.

तयार पडदे पाच, सात आणि नऊ फूट लांबीचे येतात आणि एकेकाची रुंदी साधारण चार फूट असते. खिडकी चार फुटांची म्हणून चार फुटांचा एकच पडदा घेतला की तो ताणून बसतो, चुण्या पडत नाहीत आणि दोन्ही कडांनी ऊन आत येतं. खिडकीपेक्षा दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा फूट जास्त लांब रॉड, आणि त्यावर दोन पडदे, हे माप आमच्या क्वार्टरच्या खिडकीला बरोबर बसलं. खिडकीलासुद्धा पाचऐवजी सात फुटांचा पडदा घ्यावा असं माझं मत आहे. खिडकीच्या चौकटीखाली तो हातभर उतरला की खालून येणारी उजेडाची पट्टी बंद होते.

उजेडाचा मोठा वाटा मात्र कापडातून येतच नाही. स्टीलच्या गोल कड्यांचा पडदा भिंतीपासून वीतभर पुढे उभा राहतो, आणि वरच्या फटीतून ऊन सरळ छताला जाऊन खोलीभर पसरतं. जुन्या घरांत सुतार लाकडी पेल्मेट बसवून द्यायचे, ते शोभेचं वाटायचं पण त्याचं काम हेच होतं. आता पेल्मेट कुणी करत नाही. आम्ही प्लायवूडची सहा इंची फळी रॉडच्या वर आडवी ठोकून घेतली आणि छतावरचं ऊन गेलं. कडेला, शेवटचं कडं रॉडच्या ब्रॅकेटच्या पलीकडे घ्यायचं, म्हणजे पडद्याची कड वळून भिंतीला लागते. तिथे चिकटपट्टीचा एक तुकडा पडद्याला आणि एक भिंतीला लावला की पंख्याच्या वाऱ्यानेही ती उघडत नाही.

मग कूलर. पडद्यांची माहिती देणारे लोक एसीची खोली गृहीत धरतात. विदर्भातल्या बहुतेक घरांत खिडकीत कूलर असतो, आणि कूलरचं गणितच वेगळं. तो बाहेरची हवा ओल्या ताट्यांतून आत ढकलतो. आत आलेल्या हवेला बाहेर जायला वाट नसली की खोलीत दमटपणा साठतो आणि निजलेला माणूस घामाने चिंब होतो. म्हणून अंधारासाठी खोली सगळीकडून बंद करून टाकली तर झोप लागायची राहते बाजूलाच. आमच्याकडे झालं ते असं: कूलर दक्षिणेच्या खिडकीत, त्याचं धूडच खालचा उजेड अडवतं, वरच्या उरलेल्या भागाला आखूड पडदा. पूर्वेच्या खिडकीला पूर्ण पडदा. आणि हवा जायला आतलं, मधल्या खोलीकडे उघडणारं दार चार बोटं उघडं. मधली खोली तशीही अंधारीच असते, तिथून हवा स्वयंपाकघराच्या झरोक्याने निघून जाते. दाराला पाचर लावलेली असली की वाऱ्याने ते आपटत नाही.

पडद्याच्या मर्यादेबद्दलही सांगायला हवं. तो काचेच्या आत असतो. ऊन काच ओलांडून आत आल्यावर तो त्याला अडवतो, म्हणजे उजेड थांबला तरी उष्णतेचा बराच भाग घरात आलेला असतो. ऊन काचेच्या बाहेरच थोपवलं तर दोन्ही साधतात, आणि हे इथल्या जुन्या लोकांना पक्कं ठाऊक होतं. वाळ्याच्या ताट्या दाराबाहेर बांधून त्यांच्यावर पाणी मारायचे ते उगीच नाही. बुरडाकडून बांबूचे तट्टे आणून पडवीला बाहेरून लावत. अंगणात जांभळाच्या डहाळ्यांचा मांडव घालत. आता त्याच जागी हिरवी नेट दिसते. उन्हाळ्यात चंद्रपूरच्या चौकांतल्या सिग्नलवरसुद्धा ती बांधलेली असते. तेव्हा खिडकीबाहेर तट्टा किंवा नेट आणि आत पडदा, अशी जोडी जमवावी. दोघांतलं एकच परवडत असेल तर, झोपायच्या खोलीपुरतं तरी, पडदा आधी घ्यावा असं मी सांगेन, कारण गरम अंधारात थकलेला माणूस झोपतो, पण उजेडात त्याचा डोळा दर अर्ध्या तासाने उघडतो.

आदिवासींच्या जुन्या घरांना हा प्रश्नच नव्हता. एटापल्ली-भामरागडकडे मातीने लिंपलेल्या कुडाच्या भिंती बघाव्या: खिडकी अशी नाहीच, असली तर हाताच्या पंजाएवढी. कवेलूंचं किंवा गवताचं छप्पर खाली वाकून येतं आणि दारातून आत गेलं की डोळ्यांना काही क्षण काहीच दिसत नाही. शहरातून गेलेल्या माणसाला ते घर कोंदट वाटतं. मोहाच्या दिवसांत तिथे जाऊन राहावं म्हणजे त्या अंधाराचा उपयोग कळतो. मार्च-एप्रिलात मोहफुलं पहाटे गळतात, म्हणून बाया अंधारातच टोपल्या घेऊन रानात जातात. मे महिन्यात तेंदूपत्त्यासाठी पुन्हा तीच पहाट. ऊन चढायच्या आत परतायचं, पानांचे पुडे बांधायचे, आणि दुपारी त्या गार, काळोख्या खोलीत अंग टाकायचं. त्या घरात दुपारची झोप भिंतीतच बांधलेली आहे. आपण मोठ्या काचेच्या खिडक्या आणल्या, उजेडाला घर उघडं केलं, आणि मग अंधार दुकानातून विकत आणू लागलो. मला मोठी खिडकी आवडते, ती मी सोडणार नाही. पण ती आपल्या घरात आली तिच्याबरोबर हे एक काम आलं आहे, ते नीट करावं.

दिवसा निजणाऱ्यांचं राज्य इथे तसंही मोठं आहे. ताडोबात दुपारी जिप्सी फिरते तेव्हा पर्यटक वाघ शोधत असतात, आणि त्यांच्या चाकांपासून हातभरावर सुक्या पाचोळ्यात रातवा डोळे मिटून बसलेला असतो. त्याचा रंग पाचोळ्यात असा मिसळतो की सांगणाऱ्याने बोट दाखवूनही दिसत नाही. अस्वल कपारीत असतं, घुबड ढोलीत. १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झालेल्या या जंगलात रात्री जागणाऱ्या प्रत्येकाने आपापली दिवसाची सावली धरून ठेवली आहे. आणि ते रान आमच्या शहराला अगदी लागून आहे. २०२२च्या फेब्रुवारीत वीज केंद्राच्या परिसरात कामावरून रात्री परतणारा एक कामगार वाघाच्या हल्ल्यात गेला. त्यानंतर कित्येक दिवस आमच्या घरात हे परतून दाराची कडी वाजवेपर्यंत कुणाचा जीव थाऱ्यावर नसे. रात्रपाळीच्या माणसाच्या अंगात नुसता थकवा असतो असं नाही, ताण असतो, कान टवकारलेले असतात. पडदा ओढला की पहिली दहा मिनिटं तो ताण उतरण्यात जातात.

गडचिरोलीच्या बाजूला रात्रपाळीचं आणखी एक रूप आहे, आणि ते मला फार प्रिय आहे. दिवाळी झाली, धान घरात आलं, की झाडीपट्टीची नाटकं सुरू होतात. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे त्यांचं ठाणं. तिथल्या मंडळ्या गावोगाव जातात. दिवसा शंकरपट, रात्री नाटक, आणि नाटक जेवणं आटोपल्यावर सुरू होतं ते पहाटेपर्यंत. थंडीत लोक चादरी पांघरून रात्रभर बसतात. या रंगभूमीवर आयुष्य घालवलेल्या परशुराम खुणे यांना २०२३मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा झाडीपट्टीत गावोगाव आनंद झाला. सकाळी रंग पुसून ही मंडळी गाडीत बसतात, पुढच्या मुक्कामी पोचतात, आणि संध्याकाळी पुन्हा तोंडाला रंग लावायच्या आधी मिळेल तिथे झोपतात: कुणाच्या ओसरीवर, शाळेच्या खोलीत, गाडीत. त्या मंडळ्यांत काम करणारी माझी एक मावसबहीण आपल्या पेटीत गडद निळा, विणीचा एक पडदा ठेवते. जिथे उतरेल तिथे दोन चिमट्यांनी तो खिडकीला लावते. तिने तो माझ्याच दुकानदाराकडून घेतला आहे. तिच्या पेटीत दागिने, विग, पायातले चाळ आहेत आणि त्यांच्यावर घडी घालून हा पडदा आहे. हंगाम सरताना तो धुऊन, सावलीत वाळवून, कडुलिंबाचा पाला घालून ती ठेवून देते.

धुण्याबद्दल चंद्रपुरात वेगळं बोलायला हवं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९मध्ये देशातल्या अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांची यादी केली तेव्हा आमचं शहर तीत पहिल्या काहींत होतं. कोळशाची धूळ आणि राख खिडकीच्या गजांवर, जाळीवर, तुळशीच्या पानांवर बसते, आणि जाड पडदा ती सगळ्यांत जास्त धरतो. पातळ पडद्यातून ती निदान आरपार जाते; या पडद्याच्या चुण्यांत ती मुक्कामाला राहते, आणि निजणाऱ्याच्या उशापासून ती चुणी दोन हातांवर असते. म्हणून धुण्याआधी झटकणं महत्त्वाचं. आठवड्यातून एकदा दोन्ही पडदे काढून गच्चीवर न्यावेत आणि वारा आपल्या पाठीकडून येत असताना झटकावेत. नाका-तोंडाला दुपट्टा बांधावा. घरात व्हॅक्यूम असेल तर मऊ ब्रश लावून वरून खाली फिरवावा, कड्यांच्या भोवती सावकाश. ओल्या फडक्याने मात्र कोरडी काजळी कधी पुसू नये; ती कापडात शिरते आणि मग निघत नाही.

धुवायचं ते गार पाण्यात, सौम्य साबणात. आधी नुसत्या पाण्यात बुडवून ठेवलं की पहिलं पाणी शाईसारखं उतरतं. ते ओतायचं, पुन्हा पाणी घ्यायचं, आणि पाणी राखाडी होईपर्यंत साबणाला हात लावायचा नाही. ब्लीच वापरू नये. विणीचा पडदा मशीनमध्ये मंद फेऱ्यावर चालतो, कड्यांभोवती जुनी उशीची खोळ बांधली की ड्रमला खणखणाट होत नाही. लेपाचा पडदा मशीनमध्ये टाकू नये, टबात पसरून हाताने दाबावा, घासू नये. आणि कोणताही असो, पिळू नये. पिळण्याची आपल्याला फार सवय असते. आईने आयुष्यभर गोधड्या पिळल्या, तिच्या मनगटात ते बसलेलं आहे, आणि माझ्याकडे आली की ती अजून पडद्याकडे तशा हाताने जाते. पिळलं की लेप तडकतो आणि विणीतला काळा धागा जागचा सरकतो. दोरीवर निथळत टाकावा, तोही उन्हात नाही. उन्हाशी झुंजायला आणलेली वस्तू उन्हात वाळवू नये हे ऐकायला विचित्र वाटेल, पण काचेच्या आतलं ऊन आणि अंगणातलं नवतप्याचं ऊन यांत फरक आहे, ओल्या कापडाचा रंग दुसरं खातं. सावलीत, उलटा, कडा सरळ करून. अर्धवट ओला असतानाच रॉडला चढवला तर स्वतःच्या वजनाने चुण्या मोकळ्या होतात आणि इस्त्री लागतच नाही. इस्त्री केलीच तर कापडाच्या बाजूने, कमी तापवून, मधे सुती कापड ठेवून.

पावसाळ्यात दुसरा शत्रू येतो. मृगाचा पाऊस पडला की ऊन मवाळतं, पण रात्रपाळी थांबत नाही, त्यामुळे पडदा लागतोच. आणि बंद पडद्यामागे, ओलसर भिंतीला लागून बुरशी धरते. पाळी संपवून माणूस उठला की पडदे पूर्ण उघडायचे, खिडकी उघडायची, निदान तासभर वारा खेळू द्यायचा. याचा दुसराही उपयोग आहे. दिवसभर काळोखात निजलेल्या माणसाला उठल्यावर उजेड हवा असतो, नाहीतर त्याला वेळेचा अंदाज येत नाही आणि सुस्ती सुटत नाही. आमच्याकडे हे दुपारी उठतात तेव्हा मी आधी हाक मारत नाही, पडद्याची एक कड हातभर सरकवते. उजेड त्यांच्या पायांवर येतो. थोड्या वेळाने दुसरी कड. मग चहा. शरीराला त्याच्या घड्याळाची खूण अशी सावकाश मिळाली की माणूस चिडचिडत उठत नाही, हा आमच्या घराचा अनुभव आहे.

अलीकडे शेजारच्या घरात नवं बिऱ्हाड आलं. त्यातली मुलगी नर्स आहे, गडचिरोलीहून इकडे आलेली, आणि तिला सलग रात्रपाळ्या लागल्या होत्या. जिन्यात भेटली तेव्हा डोळ्यांखाली काळं झालेलं. “काकू, झोपच नाही लागून रायली,” म्हणाली. “सकाळी खिडकीतून ऊन सरळ तोंडावर येते. चादर लावून पायली, पडून जाते.” मी तिला आत बोलावलं, आमची खिडकी दाखवली, प्लायवूडची फळी दाखवली, मोबाइलच्या टॉर्चची पारख करून दाखवली. माप कसं घ्यायचं ते सांगितलं: चौकटीचं नाही, चौकटीच्या दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा फूट धरून भिंतीचं. कूलर कोणत्या खिडकीत आहे ते विचारलं. आतलं दार कुठे उघडतं ते विचारलं.

संध्याकाळी ड्यूटीवर निघताना ती कागदावर मापं लिहून घेऊन आली. पूर्वेची खिडकी रुंदीला चार फूट, रॉड जुना आणि मधे वाकलेला, कूलर पश्चिमेला. दुकान किती वाजता उघडतं म्हणून तिने विचारलं. तिची पाळी सुटणार सकाळी आठला आणि बाजार उघडतो साडेदहाच्या पुढे. तोवर तिने ताटकळत बसू नये म्हणून आमच्या कपाटातला जुना, थोडा विटलेला पण अजून घट्ट असलेला पडदा मी काढून दिला, चार मोठे चिमटे दिले, आणि तिच्या सासूबाईंना सांगून ठेवलं की उद्या दुपारी तीनपर्यंत त्यांच्या घराची बेल मी कुणालाही वाजवू देणार नाही.